पास आहे, पण गाडी आहे का? महाड-पोलादपूरच्या अकरावी-बारावीच्या मुलांचा प्रवासखर्च

दहावीचा निकाल लागला की बौद्धवाडीत पेढे वाटले जातात. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, मुंबई शाखेकडून वह्या आणि दप्तरे येतात. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत घरोघरी वेगळी चर्चा सुरू होते. विज्ञान, कला की वाणिज्य हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारले जाते की सकाळी गाडी किती वाजता आहे, संध्याकाळी पोरगं परत येणार कसं आणि महिन्याला खर्च किती येणार.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील वाड्यांमध्ये काम करताना आम्ही हे दरवर्षी पाहतो. शाखा कोणती, कॉलेज कोणते आणि कधी कधी तर पुढे शिकायचे की नाही, हे या तीन उत्तरांवर ठरते. आपल्या समाजात फी आणि शिष्यवृत्तीबद्दल भरपूर बोलले जाते, पण प्रवासखर्चाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. ‘मुलांना पास असतो ना’ एवढ्यावर विषय संपतो. पास असतो हे खरे. पण सवलत तिकिटावर मिळते आणि खर्चाचा मोठा भाग तिकिटाबाहेर होतो. तो कसा होतो, कोणत्या सवलती प्रत्यक्षात मिळू शकतात आणि कुठे काय मागायला हवे, हे या लेखात सोप्या भाषेत मांडत आहोत.

दहावीनंतर शाळा दूर का जाते?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याच्या आधारे राज्याच्या नियमांत शाळा घरापासून किती अंतरावर असावी हे ठरले. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी, असा तो निकष आहे. अकरावीत जाणारे मूल सोळा वर्षांचे असते. त्या वयाच्या मुलासाठी कॉलेज किती अंतरावर असावे आणि तिथवर पोहोचवायची जबाबदारी कोणाची, हे हा कायदा सांगत नाही.

प्रत्यक्षातली स्थिती अशी की प्राथमिक शाळा गावात, माध्यमिक शाळा विभागाच्या मोठ्या गावात आणि अकरावी-बारावी मुख्यतः तालुक्याच्या ठिकाणी. महाडला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय आहे, पोलादपूरला सुंदरराव मोरे महाविद्यालय आहे. तांत्रिक शिक्षणासाठी मुलांच्या डोळ्यांसमोर माणगाव तालुक्यातील लोणेरे असते, कारण तिथे बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ उभे आहे. पण सावित्रीच्या खोऱ्यातली, आंबेनळी घाटाच्या बाजूची किंवा वरंध-शिवथर पट्ट्यातली वाडी या सगळ्यांपासून दूर आहे. सह्याद्रीच्या कुशीतली वस्ती विखुरलेली. गाव एका ठिकाणी, बौद्धवाडी दुसऱ्या टोकाला आणि मुख्य रस्त्याचा फाटा तिसरीकडे.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर तिथे प्रवेश घेणे बंधनकारक असते, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. शहरातल्या मुलासाठी हे दहा पर्याय रिक्षाच्या अंतरात असतात. आपल्याकडे पहिला आणि दुसरा पर्याय यांच्यात एक नदी आणि एक घाट असू शकतो. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याला एसटीचे वेळापत्रक माहीत असण्याचे कारण नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी गाडीची वेळ पाहा, हे आम्ही प्रत्येक पालकाला सांगतो.

रेल्वेचा पास मोफत, पण स्टेशन कुठे?

रेल्वेची सवलत मोठी आहे आणि ती अनेकांना माहीत नाही. घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत द्वितीय श्रेणीचा मासिक पास मोफत मिळतो. त्यापुढच्या शिक्षणासाठी सर्वसाधारण विद्यार्थ्यांना पासावर ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सूट आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या काळात रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती थांबवल्या. विद्यार्थी, दिव्यांग आणि काही आजारांचे रुग्ण यांच्या सवलती मात्र चालू राहिल्या. शाळा-कॉलेजच्या प्रमुखाने सही-शिक्क्याचे सवलत प्रमाणपत्र द्यायचे आणि ते स्टेशनच्या तिकीट खिडकीवर दाखवून पास घ्यायचा, अशी त्याची पद्धत आहे.

आता नकाशा पाहू. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पहिला टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग देशाला अर्पण झाला. महाड परिसरात वीर, सापे वामने, करंजाडी आणि विन्हेरे ही स्टेशने आहेत. पण महाड शहरात स्टेशन नाही. शहराला सर्वात जवळचे मोठे स्टेशन वीर, तेही दहा-बारा किलोमीटरवर. पोलादपूर तर रेल्वेच्या नकाशातच नाही. रेल्वेमार्ग पश्चिमेकडून निघून जातो आणि पोलादपूरकर मुंबई-गोवा महामार्गावरच राहतात.

म्हणजे मोफत रेल्वे पासाचा खरा उपयोग कोणाला? विन्हेरे, करंजाडी किंवा वीरच्या आसपास राहून माणगाव, गोरेगाव, कोलाड, रोहा किंवा खेडच्या बाजूला शिकणाऱ्यांना. लोणेऱ्याला जाणाऱ्याला गोरेगाव रोड स्टेशन उपयोगी पडू शकते. या मुलांनी पास जरूर काढावा. पण वीरला उतरून महाडच्या कॉलेजात जायचे तर पुढे पुन्हा एसटी किंवा विक्रम आलीच.

दुसरी अडचण गाड्यांची. मासिक पास सगळ्या गाड्यांत चालत नाही. लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या साध्या गाड्या मोजक्या आहेत. दिवा-रत्नागिरी आणि दिवा-सावंतवाडी या पॅसेंजर म्हणजे आपल्याकडच्या लोकांचा मुख्य आधार. त्यांची वेळ मुंबईला ये-जा करणाऱ्यांना धरून बसवलेली आहे, कॉलेजच्या घंटेशी तिचा संबंध नाही. एक गाडी उशिरा धावली तर पहिले दोन तास बुडतात. संध्याकाळची चुकली तर पुढची नसते.

रेल्वेला हे अशक्य आहे असे मात्र नाही. रोहा-वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. संपूर्ण कोकण रेल्वेचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. रोह्यापर्यंत मेमू गाड्या येतात आणि गणपतीच्या दिवसांत त्या चिपळूणपर्यंत सोडल्या गेल्या आहेत. चाकरमान्यांसाठी गणपतीत धावू शकणारी गाडी विद्यार्थ्यांसाठी जून ते मार्च का धावू नये, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

एसटीच्या सवलती: कोणाला किती?

महाड-पोलादपूरच्या बहुसंख्य मुलांसाठी खरा प्रश्न एसटीचा आहे. नियम थोडक्यात असे.

पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून घर ते शाळा-कॉलेज एसटी प्रवास पूर्ण मोफत आहे. ही योजना आधी दहावीपर्यंत होती, नंतर ती बारावीपर्यंत वाढवली गेली.

मुलांना, तसेच बारावीच्या पुढे शिकणाऱ्या मुलींना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. म्हणजे पूर्ण भाड्याच्या एक तृतीयांश रक्कम भरायची. व्यवसाय शिक्षण आणि तंत्रशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनाही ही सवलत लागू आहे.

मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. त्यामुळे एखाद्या दिवशी पास नसला किंवा मार्ग वेगळा असला तरी मुलीला अर्ध्या तिकिटात जाता येते. मुलाला त्या दिवशी पूर्ण तिकीट पडते.

अलीकडच्या वर्षांत एसटीने शाळा-कॉलेजातच पास देण्याची मोहीम सुरू केली आहे. मुख्याध्यापक किंवा प्राचार्यांनी विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यायची आणि एसटीच्या कर्मचाऱ्यांनी तिथे येऊन पास द्यायचे. ही चांगली सुधारणा आहे. पूर्वी एका पासासाठी मुलांचा अख्खा दिवस बसस्थानकाच्या रांगेत जायचा. मात्र यादी वेळेवर गेली नाही तर मोहीम कागदावर राहते आणि जूनचा पूर्ण महिना मुले रोख पैसे भरून प्रवास करतात. पालकांनी प्रवेश घेताना कार्यालयात एवढेच विचारावे: आमच्या गावाच्या मुलांची यादी आगाराला कधी जाणार?

हिशेब मांडून पाहू

जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला साधारण १० रुपये पडू लागले. त्यावर एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे प्रत्येक गावाला थोडे बदलतील, पण गणित हेच राहील.

समजा, अकरावीतल्या एका मुलाची वाडी मुख्य रस्त्याच्या फाट्यापासून चार किलोमीटर आत आहे. फाट्यापासून कॉलेज १८ किलोमीटर, म्हणजे एसटीचे तीन टप्पे. एका बाजूचे ३० रुपये, दोन्ही बाजूंचे ६०. महिन्याला २४ दिवस कॉलेज धरले तर पूर्ण भाडे १,४४० रुपये. सवलतीच्या पासात एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ४८० रुपये. सरकारच्या कागदावर या मुलाचा प्रवासखर्च इथे संपतो.

पण वाडी ते फाटा हे अंतर कसे कापायचे? विक्रम किंवा मिनीडोरने एका वेळचे १५ रुपये धरले तर दोन्ही वेळचे ३० आणि महिन्याचे ७२० रुपये. शिवाय परतीची एसटी आठवड्यातून दोनदा आलीच नाही, तर भरून निघालेल्या खासगी गाडीला ४० रुपये द्यावे लागतात. महिन्याला आठ वेळा धरले तर ३२० रुपये. एकूण बेरीज १,५२० रुपये. त्यात पासाचे फक्त ४८०, म्हणजे एक तृतीयांशपेक्षाही कमी. उरलेले १,०४० रुपये अशा खर्चाचे, ज्यावर कोणतीही सवलत नाही.

आता त्याच वाडीतल्या मुलीचा हिशेब करू. तिचा एसटी पास मोफत. तरी फाट्यापर्यंतचे ७२० आणि चुकलेल्या गाडीचे ३२० तिलाही लागतात. ‘मोफत’ प्रवासाचे महिन्याचे १,०४० रुपये. दहा महिन्यांचे १०,४०० रुपये. मुलाचे १५,२००. घरात दोन भावंडे असतील तर वर्षाला पंचवीस हजारांच्या वर. भातशेती आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम कशी झेपणार?

अनेक मुले हा खर्च पायांनी भरून काढतात. चार किलोमीटर जायचे, चार यायचे. सहाच्या गाडीसाठी पाचला निघायचे. संध्याकाळी सातला घरी आलेल्या मुलाला अभ्यासाला उरते काय? चालण्याचा खर्च रुपयांत दिसत नाही, तो बारावीच्या गुणपत्रिकेत दिसतो.

एक वस्तीची गाडी बंद झाली तर

वस्तीच्या गाडीचे महत्त्व शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. दुर्गम गावात रात्री मुक्कामाला थांबणारी एसटी पहाटे मुलांना घेऊन तालुक्याला निघते. ती रात्री आली नाही तर सकाळीही नसते. एक फेरी रद्द झाली असे नोंदले जाते, पण मुलांच्या दृष्टीने रात्रीचे येणे आणि सकाळचे जाणे दोन्ही गेले. डिझेल, चालक-वाहकांची कमतरता, जुन्या गाड्या, खराब रस्ता अशी कारणे दिली जातात आणि त्यात तथ्यही असते. पण गाड्या कमी पडल्या की आधी कात्री लागते ती कमी उत्पन्नाच्या आडमार्गावरच्या फेरीला. त्या फेरीत पासवाली मुले जास्त, म्हणून तिकिटाचे रोख उत्पन्न कमी दिसते आणि फेरी ‘तोट्याची’ ठरते. सवलतीचे पैसे शासनाने महामंडळाला द्यायचे असतात. ती देणी थकली की सवलतीचाच फटका सवलतधारकाला बसतो.

ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांचा दीर्घ संप झाला. कर्मचाऱ्यांच्या मागण्या त्यांच्या जागी खऱ्या होत्या. पण एसटी थांबली की गावातले शिक्षण कसे थांबते, हे त्या सहा महिन्यांनी दाखवून दिले.

पावसाळ्याचे वेगळेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा एसटीच्या गाड्याही पुरात गेल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या, महाड शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर जोराचा पाऊस लागला की पालक मुलांना पाठवायला धजत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही. पण बारावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट आहे. गाडी न आल्यामुळे बुडालेला दिवस हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढाच असतो.

मुलीची गाडी, मुलाची गाडी

कागदावर मुलीला पूर्ण सवलत आहे आणि मुलाला कमी. तरीही प्रवासामुळे शिक्षण आधी कोणाचे तुटते, ते संध्याकाळच्या गाडीच्या वेळेवर ठरते. शेवटची गाडी अंधार पडल्यावर फाट्यावर सोडत असेल तर मुलीच्या घरचे घाबरतात. तिथून चार किलोमीटर रानातली वाट आहे. मग प्रात्यक्षिकांमुळे उशीर होणारी विज्ञान शाखा मुलीसाठी आपोआप बाद होते आणि कला शाखा ‘बरी’ ठरते. हा निर्णय मुलीच्या बुद्धीचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

मुलाच्या बाबतीत पैसा आधी आडवा येतो. महिन्याला दीड हजार घालवून अकरावी करण्यापेक्षा एमआयडीसीत कंत्राटदाराकडे दिवसाची मजुरी बरी, हा विचार सतरा वर्षांच्या मुलाला पटतो. मजूर न्यायला कंत्राटदाराची गाडी फाट्यावर वेळेवर येते. कॉलेजला न्यायला एसटी येईलच याची खात्री नसते. आमच्या भाषेत याला ‘गळती’ म्हणतात. पण गळती म्हटले की दोष मुलाकडे जातो. खरे तर त्याला बाहेर ढकलले गेलेले असते.

शिष्यवृत्ती, स्वाधार आणि रोज ये-जा करणारा विद्यार्थी

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. २०२१ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे अकरावी-बारावीतल्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला २,५०० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ४,००० रुपये भत्ता आहे. वरच्या हिशेबातल्या मुलाचा महिन्याचा खर्च १,५२० रुपये. म्हणजे वर्षाची शिष्यवृत्ती दीड-पावणेदोन महिन्यांच्या प्रवासात संपते, आणि ती खात्यात येते बहुधा वर्ष संपत आल्यावर.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शहराच्या वर्गवारीनुसार वर्षाला ६०,००० रुपयांपासून तालुक्याच्या ठिकाणी ३८,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. अकरावीपासून पुढचे विद्यार्थी अर्ज करू शकतात. योजना उपयुक्त आहे, पण ती घर सोडून खोली घेऊन राहणाऱ्यासाठी आहे. रोज वाडीतून ये-जा करणारा तिच्यात बसत नाही.

म्हणजे घरून जाणाऱ्या मुलाला २,५०० आणि खोली घेऊन राहणाऱ्याला ३८,०००. मधल्या मुलासाठी, ज्याला फक्त फाट्यापर्यंतचे आणि चुकलेल्या गाडीचे पैसे हवेत, कोणतीच योजना नाही. आपल्या वाड्यांतली बहुतेक मुले याच मधल्या गटातली आहेत.

ठराव झाला म्हणून पाणी मिळाले नव्हते

महाडच्या वाचकाला हे नवे वाटू नये. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा तो ठराव होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, पण पाण्यापर्यंत कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तो हक्क प्रत्यक्षात बजावला गेला. त्यानंतरही नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि न्यायालयाचा लढा १९३७ पर्यंत चालला.

त्या परिषदेच्या उभारणीत मोठा वाटा असलेले दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांना लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठीच झगडावे लागले होते. शाळेच्या दारातला तो अडसर आज कायद्याने दूर झाला आहे. आता अडसर दारापर्यंत पोहोचण्यात आहे.

अंतराचा प्रश्न बाबासाहेबांनी फार आधी ओळखला होता. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले. १९२८ मध्ये पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड येथे वसतिगृहे उभी करण्याचे काम हाती घेतले गेले. खेड्यातल्या मुलाला हायस्कूलपर्यंत पोहोचता येत नसेल तर हायस्कूल खुले असण्याला अर्थ नाही, हे त्यामागचे साधे व्यवहारी गणित होते.

आजही न्यायव्यवस्थेला हे पटते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पलीकडे, जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. शाळेपर्यंतचा प्रवास हा शिक्षणाचाच भाग आहे, असा अर्थ आम्ही त्यातून घेतो.

काय करता येईल?

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी:

- अकरावीचे पसंतीक्रम भरण्याआधी आगारातून सकाळच्या आणि शेवटच्या परतीच्या गाडीची वेळ घ्या. पहिली पसंती विचार करूनच द्या.
- बोनाफाईड दाखला, आधार कार्ड आणि फोटो प्रवेशाच्या दिवशीच तयार ठेवा. पास पहिल्या आठवड्यात काढा.
- रेल्वे उपयोगी पडत असेल तर कॉलेजकडून सवलत प्रमाणपत्र मागा. पास कोणत्या गाड्यांत चालतो हे खिडकीवर विचारून घ्या.
- जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला दहावीच्या सुट्टीतच काढा. शिष्यवृत्ती आणि स्वाधार दोन्हीकडे तो लागतो. वसतिगृहाची माहिती अलिबागच्या समाज कल्याण कार्यालयात मिळते.

गावशाखा, मुंबई शाखा आणि विहार समित्यांनी:

- जूनमध्ये विहारात एक दिवस पास आणि दाखल्यांचे शिबिर घ्या. वाडीतले किती विद्यार्थी कोणत्या गाडीने कुठे जातात, याची एक पानाची यादी करा. आगारात बोलताना ही यादी सर्वात जास्त उपयोगी पडते.
- सत्कारात शाल-श्रीफळावर होणारा खर्च वाडी ते फाटा या प्रवासाकडे वळवता येईल का, याचा विचार करा. पाच-सहा मुले असतील तर एका विक्रमवाल्याशी महिन्याचा दर ठरवता येतो. सायकली हाही पर्याय आहे.
- न आलेल्या गाडीची तारीख आणि वेळ वहीत लिहा. दोन महिन्यांची वही घेऊन महाड आगार व्यवस्थापकांना भेटा. उत्तर न मिळाल्यास पेणला एसटीच्या रायगड विभाग नियंत्रकांकडे अर्ज करा.
- माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा: आमच्या मार्गावरच्या किती फेऱ्या, कोणत्या तारखांना, कोणत्या कारणाने रद्द झाल्या? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.
- ग्रामसभेत शालेय फेरीचा ठराव करून घ्या. हा प्रश्न एकट्या बौद्धवाडीचा नाही. मराठा, कुणबी, धनगर, कातकरी, मुस्लिम, सगळ्यांची मुले त्याच फाट्यावर उभी असतात. सही सगळ्यांची असली की अर्जाला वजन येते.

शासनाकडे मागायच्या गोष्टी चार आहेत. पहिली, शालेय फेरी उत्पन्नावर मोजू नये, ती वेळेवर सोडणे बंधनकारक असावे. दुसरी, बारावीपर्यंत मुलांनाही मुलींसारखा मोफत पास मिळावा. रेल्वे दोघांनाही बारावीपर्यंत मोफत पास देते, मग एसटीने का देऊ नये? तिसरी, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीत अंतरानुसार प्रवासभत्ता असावा आणि तो जूनमध्येच मिळावा. चौथी, रोह्यापर्यंत येणारी मेमू कॉलेजच्या वेळेत वीर आणि पुढे विन्हेऱ्यापर्यंत यावी आणि तिला जोडून वीर-महाड-पोलादपूर एसटी सुटावी.

यातली पहिली मागणी नव्या पैशाची नाही, वेळ पाळण्याची आहे. सुरुवात तिथूनच करावी असे आम्हाला वाटते.

दरवर्षी २० मार्चला देशभरातून भीमसैनिक महाडला येतात. पदरमोड करून, मिळेल त्या गाडीने येतात आणि तळ्याला वंदन करून परत जातात. येणाऱ्या प्रत्येकाने जवळच्या एका वाडीत चौकशी करावी की इथली अकरावीची मुले कॉलेजला कशी जातात. त्या उत्तराची नोंद घेऊन एक अर्ज आगारात दिला गेला, तरी पुढच्या जूनमध्ये दोन-चार मुलांचे नाव हजेरीपटावर टिकून राहील.

जय भीम.